वहिनीचा अंगठा

माझा दादा गेमच्या पुस्तिका लिहितो: कुठल्या राक्षसापुढे कुठलं बटण, आणि नेमकं कधी. त्यासाठी एक कॅमेरा खेळणाऱ्याच्या हातांवर लावायचा, स्क्रीनही रेकॉर्ड करायचा, मग दोन्ही शेजारी ठेवून फ्रेम मोजायच्या. एका सेकंदात साठ फ्रेम. सातव्या लेव्हलच्या राक्षसाची शेपटी खाली येते तेव्हा उडी मारायला मिळतात फक्त सहा. आठ वर्षं त्या कॅमेऱ्याखाली माझे हात होते. मग दादाचं लग्न झालं.

वहिनीनं पहिल्याच रविवारी तीसपैकी सत्तावीस उड्या साधल्या. माझ्या कधी अकराच्या वर गेल्या नाहीत. वेळ मला कळते हो, अंगठा आळशी! दादा म्हणाला, "आता हात हिचे, मोजणी तुझी." झालं! आयत्या बिळावर नागोबा. मी मागे स्टुलावर, मांडीवर वही घेऊन. वर शनिवारी तिचा फोन, "वन्सं, या हं उद्या. तुमच्याशिवाय मला जमत नाही." वन्सं म्हणे! आजकाल कोण म्हणतं असं? जखमेवर मीठ चोळायची हौस, दुसरं काय. आणि पुस्तिकेच्या पहिल्या पानावर, जिथे माझं नाव असायचं, तिथे आता तिचं छापणार. सांगायला लाज कसली, पोटात दुखत होतं माझ्या.

ही बाई नक्की काहीतरी लबाडी करते, म्हणून मी त्या पहिल्या रविवारचं फुटेज घरी आणलं आणि आवाज मोठा करून बघितलं. साधलेल्या प्रत्येक उडीआधी मागून एक बारीक "हं" ऐकू येत होतं. अगं बाई, तो आवाज माझा! मला पत्ताच नव्हता. माझ्या "हं"नंतर बरोबर चौदा फ्रेमनी तिचा अंगठा पडायचा. आणि हुकलेल्या तीन उड्या? मी पाणी प्यायला गेले होते तेव्हाच्या. आनंदानं मी टाळीच वाजवली.

पुढच्या रविवारी छपाईसाठीचं शेवटचं रेकॉर्डिंग होतं. मी ओठ घट्ट मिटून बसले. पहिली उडी हुकली. दुसरी हुकली. दहाच्या दहा हुकल्या. दादाचं तोंड एवढंसं झालं. मला काय गोड वाटलं म्हणून सांगू!

वहिनीनं कंट्रोलर खाली ठेवला आणि मागे वळली. "वन्सं, बरं नाही का? आज 'हं' म्हणत नाही तुम्ही. त्याच्यावरच तर खेळते मी."

"तुला माहीत होतं?"

"म्हणजे काय! याला पहिल्याच दिवशी सांगितलं. म्हटलं, दोघींची नावं घाल."

मी दादाकडे बघितलं. तो उगाच एक केबल गुंडाळायला लागला. "तुला सांगितलं असतं तर डोक्यावर बसली असतीस," तो म्हणाला. "आणि नुसत्या 'हं'ला कोणी नाव देतं का?"

वाटलं, तो कॅमेरा उचलून त्याच्या टाळक्यात घालावा. पण माझ्याआधी वहिनीच उठली. कंट्रोलर त्याच्या मांडीवर टाकून म्हणाली, "मग खेळ तूच. आम्ही दोघी बघतो." आणि मला सरकवून माझ्याच स्टुलावर अर्ध्या जागेत बसली.

दादाची पहिली उडी हुकली. दुसरीही. वहिनी खुदुखुदु हसत होती. खरं सांगते, त्या क्षणी ती मला जितकी टोचली तितकी आधी कधीच टोचली नव्हती. माझ्याच भावाशी माझ्यासाठी भांडायचं, तेही तिलाच आधी सुचावं?

मेली चांगली निघाली. आता जळू तरी कोणावर?