ढवळीची ढाल

"आक्का, ढाल ठेवलीस न्हवं?"

नोंदणीच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या बिरदेवनं मान न वळवताच विचारलं. ऋतुजानं "हाय की" म्हटलं आणि हातातल्या मोबाइलकडे पाहिलं. संघ कायम करायला बारा मिनिटं उरली होती. दहाला यादी बंद, मग ब्रह्मदेव आला तरी बदल नाही, असं माइकवाला तिसऱ्यांदा ओरडून गेला होता.

सोलापुरातल्या त्या मंगल कार्यालयात राक्षसांच्या झुंजींची जोडीस्पर्धा भरली होती. राक्षस मोबाइलमधले, झुंजीही मोबाइलमधल्याच. कॉलेजची पोरं-पोरी शंभरावर, आणि त्यांच्यात तेहतीस वर्षांची ऋतुजा, जी आठवड्याचे सहा दिवस गणवेशाच्या कारखान्यात कॉलरी तपासायची. दारावरच्या स्वयंसेवकानं तिला "काकू, पालकांनी वर गॅलरीत बसायचंय" असं सांगितलं, तेव्हा बिरूनं त्याला असा झापला की तो पोरगा नंतर दोनदा तिच्यासाठी पाणी घेऊन आला.

खेळ समजायला सोपा, खेळायला अवघड. भाऊ-बहीण एका बाजूनं, दोघांचा एकेक राक्षस शेजारी-शेजारी उभा, बाकीचे राखीव. प्रत्येक राक्षसाला पाचशे गुण. ते जीव, मार, बचाव आणि वेग यांत आपणच वाटायचे. डाव चारच शिकवता येतात, पाचवा हवा तर आधीचा एक विसरायचा. बिरूचा हुकमाचा एक्का म्हणजे खडक्या. त्याचा धरणीकंप असा दांडगा की मैदानात असतील तेवढे सगळे झोडपून निघतात, शेजारी उभा असलेला आपला जोडीदारसुद्धा. म्हणून ऋतुजाच्या ढवळीकडे, त्या सहा पायांच्या पांढऱ्या शेळीकडे, कायम ढाल असायची. खडक्या जमीन हलवणार, त्या खेपेला ढवळीनं ढाल धरायची आणि गप उभं राहायचं. झुंज सुरू झाली की जोडीदारांनी बोलायचं नाही असा नियम, पण या दोघांना बोलावं लागतच नसे. बिरूनं ओठ चावला की ऋतुजा ढाल दाबायची. पाच वर्षं झाली.

पाच वर्षांपूर्वी ती नवऱ्याचं घर सोडून सांगोल्याजवळच्या आपल्या वाडीत परत आली आणि आठवडाभरातच टाळेबंदी लागली. तिला नांदायला न्यायला कुणी आलं नाही, आणि वाडीतल्या बायकांना घरात बसून दुसरा विषय नव्हता. ऋतुजा जेवेना, बोलेना. आई राजाबाई नुसती डोळ्याला पदर लावायची. तेव्हा तेवीस वर्षांच्या बिरूनं आपला मोबाइल तिच्या हातात कोंबला. "आक्का, रडायचं ते रड, पण एका हातानं खेळ." त्या वर्षी तिला कुणी माणसात आणलं असेल तर या पोरानं. ते ती कधी विसरली नाही, आणि विसरणाऱ्यातलीही नव्हती.

म्हणून तर आज सकाळची गोष्ट तिला छळत होती.

सकाळी बिरू वाडीहून पहिल्या एसटीनं तिच्या सोलापुरातल्या भाड्याच्या खोलीवर आला. चहा पिता पिता त्यानं खडक्याचे ऐंशी गुण वेगातून काढून मारावर चढवले आणि त्याच दमात म्हणाला, "ढाल तेवढी ठेव. आन् चारच्या गाडीनं माझ्यासंगट चल. उद्या निबंधक कचेरीत सही करायची. हक्कसोडपत्र तयार हाय."

ऋतुजानं कप खाली ठेवला. वडील, कोंडीबा, जाऊन वर्ष झालं होतं. साडेतीन एकर डाळिंब आणि मेंढरांचं माळरान, सातबाऱ्यावर तिघांची नावं.

"मुलीकडचे सातबारा बघत्यात, आक्का. भणीचं नाव दिसलं की च्या पिऊन माघारी. तीन स्थळं गेली. आईनं कवाच अंगठा दिलाय."

तो खोटं बोलत नव्हता. तिला जमीन कसायची नव्हती, डाळिंबाचा वाटाही तिनं कधी मागितला नव्हता. पण या जगात कुठंतरी आपलं नाव लिहिलेलं आहे, एवढ्या एका गोष्टीवर ती परक्या शहरात निवांत झोपत होती. हे बिरूला कसं सांगायचं ते तिला सुचलं नाही. तिनं पिशवीत एक साडी टाकली आणि त्याच्याबरोबर निघाली.

आता रांगेत तिनं ढवळीचं पान उघडलं. ढालीवर बोट ठेवलं. 'हा डाव विसरायचा का?' असं मोबाइलनं विचारलं. बाकी कुणी तिला आजवर एवढ्या अदबीनं काही विचारलं नव्हतं. तिनं 'होय' दाबलं. ढालीच्या जागी शिंगांचा मार घेतला, जिवातले एकशे वीस गुण काढून वेगाला दिले आणि यादी कायम केली. आपण चोरी करतोय असं तिला वाटत होतं.

पण चोरी कसली? प्रत्येक जोडीच्या याद्या छापून दोन्ही बाजूंना देतात, आपल्यालाही आपली मिळते. बिरू वाचेल, डोळे वटारेल, विचारेल. मग सांगू, असं तिनं ठरवलं होतं. आणि डाव काही वाईट नव्हता. ढवळी आता सगळ्यांच्या आधी धावली असती. तिनं एकाला पाडायचं, खडक्यानं साध्या गदेनं दुसऱ्याला, आणि दोघांनी उभं राहायचं. बिरूनं नुसता कागद पाहिला असता तरी त्याला हे उमगलं असतं, तेवढा तो हुशार होता.

बिरूनं समोरच्यांची यादी पेन घेऊन तीनदा वाचली. स्वतःच्या जोडीची घडी घालून शर्टाच्या खिशात टाकली. आक्काचं काय वाचायचं?

आधीच्या फेऱ्यांत ढवळी-खडक्याला उतरवायची वेळच आली नाही. अंतिम फेरीत आली. समोर पुण्याची दोन पोरं, त्यांचे दोन राक्षस उरलेले, दोन्ही अर्धमेले. इकडे खडक्या आणि ढवळी. जो जिंकेल तो पुढच्या महिन्यात राज्याच्या फेरीला जाणार.

बिरूनं ओठ चावला.

ऋतुजानं त्याच्याकडे पाहिलं. तो पडद्यात घुसला होता. खिशातून कागदाची कड बाहेर आलेली तिला दिसत होती. बोलायला बंदी होती. तिनं शिंगांचा मार दाबला.

ढवळी सगळ्यांच्या आधी धावली. एक राक्षस आडवा झाला, सभागृहात हुर्रे झाली. मग खडक्यानं पाय आपटला आणि मैदान हललं. दुसराही कोसळला. त्याच्यासोबत ढवळीही कोसळली. मैदानात एकटा खडक्या उरला, आणि पडद्यावर 'विजयी' अशी अक्षरं नाचू लागली.

"जिकलो, आक्का!" बिरूनं तिला उचललंच. मग खाली ठेवून म्हणाला, "ढाल दाबायची इसरलीस व्हय?"

"इसरले न्हाय. ठेवलीच न्हवती."

"आँ? मंग सांगायचं न्हाय?"

"कागद तुझ्या खिशात हाय, बिरू."

त्यानं खिशाला हात लावला आणि हसला. "जाऊ दे की. ढवळी पडली तर पडली. जिकलो न्हवं?"

तो मनापासून खूश होता, त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. ऋतुजाला त्याचंच जास्त लागलं.

बक्षिसं घेऊन दोघं पायऱ्यांवर येऊन बसले. बिरूनं प्लॅस्टिकच्या फाइलीतून कागद काढले. "नजर टाक, म्हंजे उद्या घाई न्हाय."

ऋतुजानं नजर टाकली नाही, तर वाचायला घेतलं. कारखान्यात ती कॉलरीचा टाका न् टाका बघते, तसा एक एक शब्द. गट नंबर, चतुःसीमा, विहिरीतला हिस्सा. बिरू घड्याळ बघू लागला.

"एवढं काय वाचतीस? वकिलानं लिवलंय."

"हितं 'स्वखुशीनं' लिवलंय."

"तसंच लिवत्यात."

"बिरू, मी खूश न्हाय." तिनं त्या शब्दावर बोट ठेवलं. "पीक तू घे, मेंढरं तुझी. मुलीच्या बापाला मी सोता सांगते, दाणा मागणार न्हाय. नाव तेवढं राहू दे."

"नाव राहिलं म्हंजे सगळंच राहिलं की!" बिरूचा चेहरा लाल झाला. "सगळ्यांच्या भणी सह्या करत्यात. तू लई येगळी? नवऱ्याला सोडून आलीस तवा लोकं काय काय बोलत हुती. तरी तुला घरात घेतलं. इसरलीस?"

'घेतलं' हा शब्द तिला वर्मी बसला. आपल्याच घरात आपल्याला कुणी घेतलं होतं, हे तिला आजवर ठाऊक नव्हतं. तिनं कागद नीट जुळवले, फाइलीत घातले आणि त्याच्या मांडीवर ठेवले.

"न्हाय इसरले. म्हणून तर तुला शिव्या दिल्या न्हाईत."

"मंग कुठल्या तोंडानं येशील घरला?"

बिरू उठला, चालायला लागला. कोपऱ्यावर जाईपर्यंत त्याची चाल मंदावली होती. हाक मारावी असं तिला फार वाटलं. पण हाक मारली असती तर सहीही केली असती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती साडीची पिशवी घेऊन खोलीवर आली. संध्याकाळी आईला चार वेळा फोन लावला. आईनं उचलला नाही.

सोमवारी ती कामावर गेली. जूनच्या शाळा तोंडावर, पांढऱ्या सदऱ्यांचे ढीग लागलेले. दुपारी डबा उघडायला बसली तेव्हा मोबाइल वाजला. खेळाकडून निरोप होता: 'बिरदेव यांनी जोडी सोडली आहे. राज्य फेरीतील आपला प्रवेश रद्द झाला आहे.'

तिनं दोनदा वाचलं. त्या फेरीसाठी पोरगा वर्षभर जीव टाकत होता. तेसुद्धा त्यानं सोडलं.

शेजारी बसणारी धनलक्ष्मी भाताचा डबा सरकवत म्हणाली, "काय गं, कुणाचा मेसेज?"

"भावाचा."

"काय म्हणतो?"

ऋतुजानं मोबाइल पालथा ठेवला आणि भाकरीचा तुकडा मोडला.

"नीट पोचला म्हणतोय," ती म्हणाली.