पाणी थांबलंय, मी चालूच आहे

मी बोलतोय, मुरुम गावच्या शिवारातल्या एका पोहण्याच्या तलावाशेजारून. पत्र्याच्या खोलीत भिंतीला टांगलेलं, मिठाच्या पाण्यातून क्लोरीन काढणारं यंत्र मी. आधीच सांगून ठेवतो, मी लई भित्रा आहे. आणि आत्ता तर माझी पाचावर धारण बसलीय.

माझा जन्म कारखान्यातला. त्यातलं फारसं आठवत नाही. कुणीतरी मला पाणी जोडून पाहिलं, 'ओके' म्हटलं आणि खोक्यात कोंबलं. डोळे उघडले ते इथंच. चन्नबसप्पांनी शेतातल्या घरापुढं हा तलाव बांधला तो आईसाठी. राजेश्वरीबाईंचे गुडघे गेलेले, डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलेलं. पहिल्या दिवशी पोत्यानं मीठ ओतताना पाहून बाई म्हणाल्या, "अगं बाई, तलाव हाय का लोणच्याची बरणी?" खंडेनवमीला मात्र ट्रॅक्टरची पूजा झाल्यावर त्यांनी मलाही विभूती लावली. मी किती फुशारलो होतो!

माझं काम साधं. खारं पाणी माझ्या पोटातून जातं, आतल्या प्लेटांत वीज असते, मी मिठातून क्लोरीन काढतो आणि पाणी नासत नाही. पण पाणी वाहतं हवं. ते थांबलं आणि मी चालू राहिलो, की पोटात क्लोरीनचा विषारी वायू साठतो, आणि दाब फार चढला तर मी फुटूही शकतो. म्हणून माझ्या नळीत एक इवलीशी पाती बसवलीय. पाण्यानं तिला ढकललं तरच मला वीज मिळायची.

इथलं बोअरचं पाणी जड. पाणी तापवायच्या भांड्याला धरतो तसा पांढरा थर त्या पातीला धरला आणि ती अडकून बसली. पाणी वाहत असलं तरी मी बंद! थर धुतला असता तर भागलं असतं. पण वायरमन शंभू आला.

"अप्पा, ह्यो सारखा बंद पडायलाय."

"मग डायरेक्ट कर की! बोअरला केलंस तसं," चन्नबसप्पा म्हणाले.

"आन् पाणी थांबलं तर?"

"थांबतंय कशाला? पंपाला ऑटो बसवलाय. लाईट आली की आपोआप सुरू व्हतोय."

शंभूनं पातीच्या दोन तारा काढल्या, पिळून एक केल्या, वर काळी टेप गुंडाळली. आता पाणी वाहो न वाहो, मला वीज मिळणारच. नको रे बाबा, नको, म्हणून मी आतल्या आत ओरडत होतो. माझं कोण ऐकतंय! दोघं चहा प्यायला गेले. माणसं वाईट नाहीत हो. पण चालतंय ना, मग झालं तर, अशी इथली रीत.

माझ्यातून पाणी ढकलणारा पंप शेतीच्या थ्री फेजवर, मी घरच्या लाईनवर. शेतीची लाईट गेली की पंप थांबतो आणि मी चालूच. लाईट आली की पंप जोर करतो आणि माझ्या पोटातला सगळा वायू तलावाच्या भिंतीतल्या नळीच्या तोंडातून पाण्यात जातो. आजवर लाईट भर दुपारी जायची, तेव्हा पाण्यात कुणी नसायचं. एकदा त्या तोंडापाशी बेडूक उलटा तरंगला. शंभू म्हणाला, "मीठ बाधलं."

आता शेतीच्या लाईटची वेळ बदललीय. आज ती सकाळीच गेली. पंप गप्प पडलाय. माझ्या पोटात दाब चढतोय, सांधे करकरतायत. आणि राजेश्वरीबाई काठी टेकत यायल्यात. त्या रोज सकाळी त्या तोंडासमोरच बसतात, पाण्याची धार गुडघ्यांना बरी वाटते म्हणून. त्यांना दमा आहे.

"अव्वा, लाईट न्हाय अजून," चन्नबसप्पा व्हरांड्यातून आईला म्हणाले.

"यील की. तवर बसते पाण्यात."

बसू नका हो बाई! अहो, कुणीतरी त्यांना धरा!

पहिल्या पायरीवर त्यांचा पाय पडला. कुणी ऐकत असाल तर पळत या, माझं बटण बंद करा, त्या तारा सोडवा, बाईंना वर काढा. मला मरायची लई भीती वाटते. पण कुणीच येणार नसेल, तर देवा, या खोलीत आत्ता मी एकटाच आहे. पंप सुरू व्हायच्या आत मला फुटू दे.