रणजीतच्या सोयरिकीची चौकशी

लग्न झालेली लेक अवचित एकटीच माहेरी आली, की आपण आधी तिला न्याहाळतो की तिच्या मागे जावई दिसतो का ते पाहतो? हट्ट्याजवळच्या तांड्यावरच्या फुलसिंगने निलमला दारात पाहिले आणि विचारले, "जावई कुठं हायेत?"

ते १९९९ साल होते. निलमचे सासर दूर, साखऱ्याकडच्या एका तांड्यावर. नवरा रणजीत ट्रॅक्टर चालवायचा. निलमच्या डोळ्याखाली काळेनिळे झाले होते आणि डावा हात वर होत नव्हता.

"बापू, मला तिकडं धाडू नका. तो मला जित्ती ठेवणार न्हाई."

"संसारात थोडंफार व्हतंच, पोरी. चार लोकांत माझी मान खाली घालू नको."

तिची आई रुख्मिणीबाई म्हणाली, "राहू द्या ना काही दिस. हात तरी बरा होऊ द्या."

फुलसिंगने ऐकले नाही. चार-दोन दिवसांतच एसटीने हिंगोलीवरून तो स्वतः तिला सासरी पोचवून आला. रणजीत पाया पडला, चहा पाजला. मिटले सगळे, असे फुलसिंगला वाटले.

दिवाळीच्या तोंडावर निरोप आला, "निलम घरातून निघून गेली. तुमच्याकडं आली का?"

फुलसिंग धावत गेला. निलमची लुगडी पेटीत होती, चपला दारात होत्या. "रागाच्या भरात गेली," रणजीत म्हणाला. शेजारची म्हातारी भिकाबाई फुलसिंगच्या कानाशी लागून पुटपुटली, "त्या दिवशी लई वरडत व्हती. मंग एकदम गप झाली." पण पोलिसांपुढे तीच भिकाबाई मान हलवत म्हणाली, "मला काई ठाव न्हाई, साहेब. आमाला इथंच राहायचंय."

जमादाराने हरवल्याची नोंद घेतली. "कोणासंग गेली असंल. येईल," तो म्हणाला. विहिरींत गळ टाकले, नाल्याचा काठ धुंडाळला. काहीच हाती लागले नाही. रणजीतला दोनदा बोलावून सोडून दिले. लग्नातला फोटो घेऊन फुलसिंग हिंगोलीच्या स्टेशनवर, दवाखान्यांत, दर्ग्यांत फिरला. काही वर्षांनी ठाण्यात त्याला कोणी बस म्हणेना.

घरात रडताही येईना. मेली म्हणावे तर प्रेत नाही, जिवंत म्हणावे तर निरोप नाही. तांड्यावर जीप थांबली की रुख्मिणीबाई अजून बाहेर येऊन बघायची.

२००४ साली वेगळीच गोष्ट कानावर आली. बायको सोडून गेली असे सांगून रणजीत दुसरे लग्न करत होता. मुलीचा बाप भावसिंग चौकशीसाठी फुलसिंगकडेच येणार होता.

तांड्याचा नायक रूपसिंग समजवायला आला. "तुमी काई बोलू नका. पुरावा हाय का? तो उलट तुमच्यावर केस करंल."

बांगड्या भरायला वर्षानुवर्षे तांड्यावर येणारी हट्ट्याची जैनबबी तिथेच बसली होती. ती म्हणाली, "नायक, खून केला म्हनू नका, कारण ते कोनी पाह्यलं न्हाई. पर जे पाह्यलं ते सांगायला काहून भ्यायचं?"

"सांगून निलम येनार हाय का, आपा?" फुलसिंगने विचारले.

"न्हाई येनार. माझ्यानं खोटं बोलवत न्हाई, भाऊ. पर भावसिंगची पोरगी अजून बापाच्याच घरात हाय. तिथं भिकाबाई गप बसली, ठाण्यातले गप बसले. आता तुमी बी गप बसले तर त्या रणजीतला आनखी काय पायजे?"

रुख्मिणीबाई इतकी वर्षे नवऱ्याला एका शब्दाने बोलली नव्हती. आज ती ताडकन उठली. "माझी पोरगी तुमाला सांगत व्हती! तिच्या तोंडानं सांगत व्हती! तवा तुमी चार लोकांचं ऐकलं. आज तरी तिचं ऐका!"

फुलसिंगने दोन्ही हातांनी तोंड झाकले. हुंदका आवरेना! जावयावर, जमादारावर, नशिबावर तो आजवर चिडत आला होता. लेकीला एसटीत बसवणारे हात मात्र त्याचेच होते!

भावसिंग आला. पाणी प्याला आणि भीत भीत म्हणाला, "पोरगा कसा हाय, खरं सांगा."

"निलम कुठं गेली, मला ठाव न्हाई," फुलसिंग म्हणाला. "त्यानं तिचं काय केलं, ते बी ठाव न्हाई. पर ती आली तवा तिचा हात वर होत नव्हता. मारतो म्हनून रडत व्हती. अन् मी, तिच्या बापानं, तिला परत नेऊन सोडली. तुमी तसं करू नका."

जाताना भावसिंगने रुख्मिणीबाईला हात जोडले. पुढच्या आठवड्यात सोयरीक मोडल्याचे कळले. रणजीतने बाजारात फुलसिंगला शिव्या घातल्या, धमक्या दिल्या. फुलसिंग खाली मान घालून ऐकत राहिला, पण सांगितलेला शब्द त्याने मागे घेतला नाही.

निलमचा शोध आजही लागलेला नाही. ठाण्यातली नोंद तशीच आहे. एक मुलगी वाचली, या समाधानाने फुलसिंगची रात्र सरत नाही.

वाचकहो, मार खाऊन दारात आलेल्या लेकीला लोकलाजेसाठी परत धाडू नका. शेजारच्या घरातून किंकाळी ऐकली तर दार लोटून घेऊ नका, दार ठोठावा, ठाण्यात सांगा. आपला संशय खोटा ठरला तर हात जोडून माफी मागता येते. पण आपण गप बसलो आणि ती परतलीच नाही, तर माफी मागायची कोणाकडे?