लंबू ब्रदर

गॅरेजवाल्यांच्या धाकट्या मुलाला सगळे लंबू म्हणत. दारातून आत येताना मान वाकवायची सवय त्याला शाळेतच लागली होती. थोरला भाऊ शिक्षण सोडून वडिलांबरोबर गॅरेजात उभा राहिला होता आणि हाही राहणार, हे घरात सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. हातच तसे होते त्याचे, रुंद आणि पान्यासारखे घट्ट.

मग एकदा रेडिएटरचं झाकण काढताना वाफ उसळली आणि वडिलांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. त्यांना रोज ड्रेसिंगला नेणं लंबूच्या वाट्याला आलं. थोरल्याला जखम बघवत नव्हती, आणि आई पट्टी सुटायला लागली की आपणच डोळे मिटून घ्यायची. लंबू मात्र वाकून बघत राही. एके दिवशी तिथल्या नर्सबाईंनी पट्टीचं टोक त्याच्या हातात दिलं आणि जरा धर म्हणाल्या. काही दिवसांनी अर्धी पट्टी तोच बांधायला लागला. नर्सबाईंनी हात लावला की वडील बोंब ठोकायचे. याने लावला की दात आवळून गप्प बसायचे. नर्सबाईंच्या ते लक्षात आलं. हात एवढा मोठा आणि लागतो हलका, तू हे शिकायला हवंस, असं त्या सहज बोलून गेल्या. त्या विसरल्याही असतील. लंबू विसरला नाही.

नर्सिंगला जातो म्हटल्यावर थोरला पोट धरून हसला. आईने विचारलं, मुलग्यांना घेतात का तिथे? वडील चिडले असते तर बरं झालं असतं. "हात काळे करायचे नसतील तर तसं सांग," एवढंच ते म्हणाले आणि ताटावरून उठले.

त्यानंतर गिऱ्हाइकांनी धाकट्याची चौकशी केली की ते सांगत, तो हॉस्पिटलात असतो. कोणी कळवळून काय झालं विचारलं की नुसती मान हलवत. निम्म्या गल्लीला तो वर्षभर आजारीच वाटत होता. एका शेजारणीने तर त्याच्यासाठी फळं आणून दिली. आईने ती घेतली, आणि रविवारी होस्टेलवरून आल्यावर लंबूनेच ती बसून खाल्ली.

कॉलेजात वर्गभर मुली आणि शेवटच्या बाकावर हा एकटा ताड. मिळालेल्या गणवेशाची पँट घोट्याच्या वर यायची. पण शिकण्यात तो रमला. इंजेक्शनचा सराव आधी उशीवर झाला, मग एकमेकांवर. त्याच्या वाट्याला आलेली मुलगी घट्ट डोळे मिटून बसली आणि बराच वेळ झाल्यावर म्हणाली, "अरे, टोच ना एकदाचं." तो तोवर टोचून, सुई टाकून हात धुवायला गेला होता.

नोकरी लागली ती हाडांच्या वॉर्डात. तिथे खरी परीक्षा सुरू झाली. तो पलंगाजवळ आला की पेशंट सावरून बसत आणि डॉक्टरसाहेब म्हणून सगळी दुखणी सांगत. मी ब्रदर आहे, म्हणजे नर्सच, असं त्याने सांगितलं की चेहरे पडत आणि मग मोठे डॉक्टर कधी येणार, अशी विचारणा होई. दिवसभर उभं राहून पाय असे सुजायचे की बूट काढायला थोरल्याला ओढावं लागे. आई गरम पाण्यात मीठ घालून घमेलं पुढे ठेवायची, आणि पाय पाण्यात ठेवून हा बसल्या बसल्या घोरायला लागायचा.

वॉर्डाच्या इन्चार्जना सगळे मोठ्या सिस्टर म्हणत. उंचीने त्या लंबूच्या कोपराला लागत. सलाइनची बाटली अडकवायला त्यांचं एक स्टूल होतं; लंबू आल्यापासून ते अडगळीत गेलं. तोंडावर कौतुक करायचा त्यांचा स्वभाव नव्हता. एखादं काम चांगलं झालं की त्या आणखी दोन कामं सांगायच्या. तो वाकून काम करताना दिसला की मात्र येता-जाता पाठीत बोट टोचत. "पलंग वर घे, तू खाली जाऊ नकोस. पेशंटची हाडं आपण जुळवू, तुझी कोण जुळवणार?"

पहिल्या वर्षात त्याची गट्टी जमली ती ड्रायव्हरकाकांशी. दोन्ही पाय प्लास्टरमध्ये आणि तोंड अखंड चालू. रोज सकाळी लंबू त्यांची दाढी करायचा, आणि काका गाडी मागे घेताना सांगावं तसं सांगायचे. येऊ दे, येऊ दे, जरा डावीकडे घे, बस्स. सगळा वॉर्ड हसायचा. प्लास्टर निघायचं ठरलं होतं, त्याच्या आधल्या संध्याकाळी रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली आणि काका गेले. लंबूची पाळी तेव्हा संपली होती. सकाळी तो गरम पाण्याचं भांडं घेऊन आला, तर पलंगावर धुतलेली चादर ताणून बसवलेली.

मोठ्या सिस्टरनी त्याच्या हातातलं भांडं काढून घेतलं, त्याला चादरींच्या खोलीत बसवलं आणि बाहेरून दार लोटून घेतलं. बऱ्याच वेळाने तो बाहेर आला तेव्हा त्या त्याच्या वाटणीच्या पेशंटांचा ताप बघत हिंडत होत्या. त्याला पाहून त्यांनी थर्मामीटर त्याच्या हातात दिला. "रडलास ते बरं केलंस," त्या म्हणाल्या. "आता तोंड धू. यांना घाबरवू नकोस."

घरी जाऊन त्याने आईला सांगितलं, की मी उद्यापासून गॅरेजात जातो. आई म्हणाली, आधी जेव. तो जेवला आणि तिथेच आडवा झाला. सकाळी तिने नेहमीच्या वेळेला हलवून उठवलं आणि डबा हातात दिला. गॅरेजचं नाव तिने काढलं नाही, त्यानेही काढलं नाही. बूट घालून तो निघाला.

त्याच सुमाराला वॉर्डात बाई आल्या. आयुष्यभर शाळेत शिकवलेल्या, खुब्याचं हाड मोडलेलं. ऑपरेशन नीट झालं होतं, पण लंबूला त्या जवळ येऊ देत नव्हत्या. "तुझ्याएवढ्यांची नाकं पुसली आहेत मी," त्या म्हणाल्या. "तुझ्याकडून काही करून घेणार नाही." लंबूने वाद घातला नाही. बाईंनी घंटी वाजवली की तो वळून एखाद्या सिस्टरला हाक मारायचा.

पण एका दुपारी कारखान्यातलं छप्पर कोसळलं आणि मोठ्या सिस्टरांसकट सगळ्यांना खाली अपघात विभागात धाव घ्यावी लागली. वॉर्डात लंबू एकटा उरला. बाईंनी घंटी वाजवली नाही. तो त्यांच्या पलंगाजवळून गेला तेव्हा त्यांनी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलेलं होतं आणि तोंड भिंतीकडे होतं. काय झालंय ते त्याला कळलं. तो आधी नळावर गेला, गरम पाण्याखाली हात धरून उभा राहिला, मग परत येऊन त्याने पडदा ओढला.

"बाई, चादर बदलू या," तो हळू आवाजात म्हणाला. "वरचं पांघरूण तुम्ही धरून ठेवा. ते मी काढणार नाही."

बाईंनी पांघरूण दोन्ही मुठींत घट्ट धरलं. लंबू न बघता, हाताच्या अंदाजाने काम करत राहिला. एक कूस, ओली चादर गुंडाळून पाठीशी, कोरडी तिच्यामागे सरकवायची, अंग पुसायचं, मग दुसरी कूस. मध्येच भिंतीकडून कापरा आवाज आला.

"शाळेत कुठल्या बाकावर बसायचास?"

"शेवटच्या. पुढे बसलो तर मागच्यांना फळा दिसत नसे."

"म्हणजे गणित कच्चं असणार."

"आहेच."

तेवढ्यात तो पांघरुणाच्या कडा आत खोचतही होता. झालं का, असं बाईंनी विचारलं. झालं, म्हणाला. त्यांनी मुठी सोडल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. लंबूने उशाजवळचा रुमाल त्यांच्या हाताला लागेल असा सरकवला आणि पडद्याबाहेर जाऊन उभा राहिला. आतून बाई म्हणाल्या, "हात गार नव्हते तुझे."

दुसऱ्या दिवशी अंग पुसून द्यायला सिस्टर आल्या तेव्हा बाईंनी त्यांना थांबवलं. शेवटच्या बाकावरच्याला पाठवा, म्हणाल्या.

तेव्हापासून वॉर्डातल्या बाकीच्या म्हाताऱ्यांचीही भीड चेपली. जिथे बाईंची हरकत नाही तिथे आपली कशी असणार! लंबू ब्रदर, लंबू ब्रदर अशा चारी बाजूंनी हाका यायला लागल्या.

एका रात्री जेवताना तो सहज सांगत होता, की ड्रेसिंगच्या ट्रॉलीची चाकं अशी किंचाळतात की ती दाराशी आली तरी पेशंटच्या अंगावर काटा येतो. पट्टी सोडायच्या आधीच अर्धं दुखून झालेलं असतं. वडील खाली मान घालून जेवत होते. रविवारी सकाळी भेटायच्या वेळेला ते वॉर्डाच्या दारात हजर. इस्त्रीचा शर्ट, ओले करून विंचरलेले केस आणि हातात हत्यारांची पिशवी.

"ट्रॉली कुठाय?" त्यांनी विचारलं.

मोठ्या सिस्टरनी त्यांना व्हरांड्यात जागा करून दिली. ट्रॉली तासाभरात गुपचूप चालायला लागली. पण वडील काही निघेनात. एका पलंगाचा वर-खाली करायचा दांडा फिरत नव्हता तो त्यांनी सैल केला, मग शेजारच्याचा, मग त्याच्या पुढचा. पलंगाखालून वर बघितलं की लंबू दिसायचा. बेकरीवाल्या अगडबंब गृहस्थांना तो चादरीला धरून एकट्याने कुशीवर वळवत होता. नंतर वॉकर धरलेल्या बाईंच्या मागे, हात न लावता, पण पडल्या तर झेलता येईल अशा बेताने चालत होता. बाई एका पावलाला दहा सूचना करत होत्या, आणि तो प्रत्येकीला "हो बाई" म्हणत होता.

पलंगापाशी आल्यावर बाईंनी खाली वाकलेल्या माणसाला तुम्ही कोण म्हणून विचारलं.

"गॅरेजवाला. ट्रॉलीसाठी आलोय," वडील म्हणाले. मग पाना खाली ठेवून म्हणाले, "याचा बाप."

बाईंनी त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. "गणित कच्चं आहे त्याचं," त्या म्हणाल्या. "बाकी फार चांगलं शिकवलंत."

"यातलं मी काहीच शिकवलेलं नाही," असं म्हणून वडील पुन्हा पलंगाखाली गेले. तिथे त्यांना बराच वेळ लागला.

दुपारी लंबूची पाळी संपल्यावर दोघे बरोबरच घरी आले. वाटेत वडील चाकांच्या बेअरिंगबद्दल बोलले, दुसरं काही नाही. जेवणं झाली. आई भांडी आवरत होती. थोरला वर्तमानपत्र तोंडावर घेऊन लवंडला होता. वडिलांनी अचानक विचारलं, तो बेकरीवाला तुझ्या दुप्पट आहे, त्याला एकट्याने कसं रे वळवलंस?

ताकद लावायचीच नाही, लंबू म्हणाला. पण ते सांगून पटेना. शेवटी वडील खाटेवर आडवे झाले, दाखव म्हणाले. लंबूने त्यांच्या अंगाखाली दुमडलेली चादर सरकवली. त्यांचा पलीकडचा गुडघा उभा केला. भाजल्याचा वण असलेला हात उचलून छातीवर ठेवला. मग एक हात खांद्यावर आणि एक कमरेवर ठेवून त्याने त्यांना सावकाश स्वतःकडे घेतलं, आणि वडील कुशीवर झाले. पाठीशी उशी लावून त्याने विचारलं, "कुठे ताण येतोय का?"

"नाही," वडील म्हणाले.

आई दारात येऊन हसत उभी होती. आता उठा, नाटक पुरे झालं, म्हणाली. वडील उठले नाहीत. थोडं असंच राहू दे, म्हणाले. लंबू खाटेच्या कडेला टेकून बसला आणि त्याने पाय लांब केले. थोड्या वेळाने वडिलांचा श्वास जड झाला. आईने पडदा ओढला, आणि त्या दुपारी गॅरेजवाल्यांच्या घरातले तिन्ही पुरुष झोपलेले होते, त्यातला एक बसल्या बसल्या.