बाईंच्या हातातला मोजा

मित्रांनो, मी एक जुना मोजा आहे. माझा जोडीदार धुण्यात हरवला, तेव्हा बालवर्गाच्या बाईंनी मला फेकून दिलं नाही. बटणांचे डोळे लावले, लाल कापडाची जीभ शिवली आणि मला हातात घालून वर्गात नेलं. मुलांनी माझं नाव ठेवलं बडबड्या.

खरं तर मला एक अक्षर बोलता येत नाही. बोलायच्या त्या बाईच. पण त्यांच्यासमोर लाजणारी मुलं माझ्याशी घडाघडा बोलायची. पुढे वर्गात गाणी म्हणणारा टीव्ही आला आणि मी कपाटावरच्या खोक्यात गेलो. तिथे माझी टाच उसवली, तरी कोणी पाहिलं नाही.

एका सकाळी खाली एक आई बाईंशी बोलताना ऐकू आली.

"मुलगी चार वर्षांची झाली, तरी दोन-तीन शब्दांपुढे गाडी जात नाही. हाक मारली तरी वळत नाही. आजी म्हणते, हट्टी आहे."

"काही हवं असलं तर कशी मागते?"

"मागावं लागतच नाही. तिच्या तोंडाकडे बघूनच मला कळतं." आईचा आवाज खाली आला. "शाळेच्या मोठ्या बाई म्हणाल्या, अशीच राहिली तर पुढच्या वर्गात घेणार नाही."

त्याच दिवशी बाईंनी मला खाली काढलं. ती मुलगी कोपऱ्यात ठोकळे रचत होती. मुलं तिला घुमी म्हणत. मला धास्ती वाटली. ती मला घाबरली तर?

आठवडाभर तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. बाई तिच्या अगदी समोर बसायच्या, माझ्या तोंडून एखादं वाक्य बोलायच्या आणि थांबायच्या. ते थांबणं मला जीवघेणं वाटे. बाकीची मुलं उत्तर द्यायला धावत. बाई ओठांवर बोट ठेवत.

आठव्या दिवशी तिने माझ्या उसवलेल्या टाचेत बोट घातलं.

"दुखतं?"

बाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. माझ्या तोंडून त्या म्हणाल्या, "थोडंसं. तुझं काही दुखतं का?"

बाई पुन्हा थांबल्या. मग ती म्हणाली, "कान."

आईने तिला डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा त्यांना कानाच्या पडद्यामागे पाणी साचलेलं दिसलं. म्हणजे हाक तिच्यापर्यंत नीट पोचतच नव्हती. "मी रागवायचे हो तिला," आई वर्गाच्या दारात एवढंच म्हणू शकली.

उपचार लांबले. शब्द हळूहळू आले, काही बोबडेच आले. वर्ष संपताना मोठ्या बाईंनी तिला समोर बसवून नाव विचारलं. ती माझ्याकडे बघत राहिली. बाईंच्या हाताला घाम फुटला आणि मी आतून भिजलो.

"जरा थांबू या," बाई म्हणाल्या.

बऱ्याच वेळाने मुलीने विचारलं, "कुठलं सांगू? घरचं की शाळेचं?"

मोठ्या बाईंना हसू आवरेना. तिला पुढच्या वर्गात घेतलं.

मित्रांनो, तुमचं धाकटं भावंड शब्द शोधत अडखळलं, तर त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. हाकेला वळलं नाही, तर हट्टी म्हणू नका, मोठ्यांना सांगा. मला अजूनही धास्ती वाटते ती त्या मुलांची, ज्यांच्यासाठी कोणी थांबलंच नाही.