छप्पर माझं, पाठ त्याची

मी बोलतेय, पण माझ्या बोलण्यावर कितपत विश्वास ठेवायचा, ते तुम्हीच ठरवा. मी चोवीस वर्षांची पांढरी व्हॅन. लांबरुंद, बुटकी, नाक पुढे काढलेली. अमेरिकेतल्या टोलेडो शहराच्या वेंडेल नावाच्या प्लंबरने मला नवीकोरी घेतली आणि माझ्या पोटात दोन्ही बाजूंना फळ्या ठोकून पाइप, पाने, नळ रचले. ओहायोच्या बर्फात मी कधी अडले नाही. म्हणजे, एकदाच अडले.

आत शिरताना तो आधी माझ्या चौकटीवर तळहात टेकवी आणि मग वाकून आत येई. मला वाटे, हा नमस्कारच.

गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी त्याला बजावलं, "वाकणं थांबवा, नाहीतर काम थांबेल." मग त्याची मुलगी मार्नी, तीही प्लंबरच, नवी व्हॅन घेऊन आली. युरोपी धाटणीची, उंच, आखूड नाकाची. आत माणूस ताठ उभा राहतो म्हणे! मी मनात म्हटलं, वाऱ्याने उलटेल बया.

वेंडेलने शनिवारभर खपून तिच्यात फळ्या बसवल्या. मार्नी डोकावली आणि हसतच सुटली.

"बाबा, सगळं कमरेपर्यंतच? वर काय कबुतरं पाळणार आहेस?"

"हात पोचायला नको?"

"अरे, पण तू ओणवा का उभा आहेस? छप्पर बघ की कुठे आहे!"

त्याने चाचपत हात वर नेला. हाताला काहीच लागलं नाही. तरी तो वाकलेलाच. मार्नीचं हसू विरलं. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"सावकाश सरळ हो, बाबा. घाई नाही."

तेव्हा मला उमगलं. तो नमस्कार नव्हता. इतकी वर्षं मीच त्याला वाकवत होते.

"हिला आता भंगारात देऊ या," मार्नी म्हणाली, तेव्हा मला ते योग्यच वाटलं.

"आणि मी जेवायला कुठे बसू?" वेंडेल म्हणाला.

आता मी घरामागे, मेपलच्या झाडाखाली असते. दुपारी तो येतो, बादली पालथी घालतो, सँडविचचा कागद सोडतो. बसल्यावर माझं छप्पर त्याला मुळीच बुटकं पडत नाही. तिकडे मार्नी दर रविवारी एकेक फळी वर सरकवते. कालची त्याच्या खांद्यापर्यंत आली.

नव्या बये, रागावू नकोस माझ्यावर. त्याला ताठ उभं करायचं तेवढं तू बघ. बसवायचं माझ्याकडे.