एका सीटची गाडी

आमच्या शहरात एका इटालियन मोटरसायकलचे मालक चारच. गाडी अवाढव्य, उंच, डोंगर-वाळवंटात हिंडायला बनवलेली. आम्ही तिच्यावरून बहुतेक वेळा भाजी आणतो. चौघांत एक दातांचे डॉक्टर, एक वकीलीणबाई, एक बेकरीवाला आणि चौथा मी, चष्म्याच्या दुकानाचा मालक. गाडी सोडली तर एकमेकांशी बोलावं असं आमच्यात काही नाही. तरी दर रविवारी सकाळी मिस्त्रीच्या गॅरेजमागच्या अंगणात आम्ही जमतो, बेकरीवाल्याची बिस्किटं खातो आणि गाडीच्या तेलापासून टायरपर्यंत प्रत्येक गोष्टीवर भांडतो. मला भांडायला आवडतं. आठवड्यातून तेवढंच कोणीतरी माझ्याशी मोठ्या आवाजात बोलतं.

या गाडीचं पहिलं मॉडेल निघाल्याला यंदा पंचवीस वर्षं झाली, म्हणून कंपनीने खास आवृत्ती काढली. रंग जुन्या शर्यतीच्या गाड्यांसारखा लाल आणि सायीच्या रंगाचा, पुढच्या चाकाचे दांडे सोनेरी, हँडलवर कोरलेला नंबर, आणि सीट एकच. मागे बसायची सोय नाही, नुसती सामानाची जाळी. शर्यतीच्या गाड्यांना मागची सीट नसायची, म्हणून हिलाही नाही. महिनाभर आम्ही दुसरं काही बोललोच नाही. वकीलीणबाईंच्या मते कोरलेला नंबर म्हणजे निव्वळ थेर होते. डॉक्टर सोनेरी दांड्यांवर फिदा होते, पण त्यांच्या बायकोने फोटो बघूनच सांगितलं होतं, "मला हिच्यावर जागा नसेल, तर तुम्ही घरात जागा शोधा." बेकरीवाल्याला टाकी मोठी हवी होती. एका सीटवर मात्र सगळे चिडले होते. मीही चिडलो होतो, आणि मला ती गाडी कुणाहीपेक्षा जास्त हवी होती.

कारण सांगतो, त्यांना सांगितलं नव्हतं. माझी गाडी त्या पहिल्या वर्षातली आहे, आणि माझं लग्नही त्याच वर्षातलं. आधी गाडी आली की आधी मी, हे चारचौघांत जरा जपून सांगा, असं बायको म्हणायची. ती असती तर यंदा आमचीही पंचवीस झाली असती. ती जाऊन तीन वर्षं झाली. ज्या वर्षी सगळं सुरू झालं त्या वर्षाची आठवण म्हणून एक वस्तू दारात उभी असावी, एवढीच माझी इच्छा. बोललो असतो तर त्यांनी कीव करून गाडी माझ्या पदरात टाकली असती. कीव मला पचत नाही.

तोवर शोरूमवाल्याचा निरोप आला. अख्ख्या शहराच्या वाट्याला एकच गाडी येणार होती, पहिला मान जुन्या मालकांचा, आणि रविवारपर्यंत आमचं ठरलं नाही तर ती दुसरीकडे जाणार होती.

आदल्या संध्याकाळी धाकट्या बहिणीचा फोन आला. तो दर शनिवारी येतो. मी गाडीबद्दल सांगितलं तर म्हणाली, "दादा, गाड्या कसल्या गोळा करतोस? माणसं गोळा कर. नाहीतर इकडे ये राहायला." मी 'बघू' म्हणालो. आमच्या घराण्यात 'बघू' म्हणजे 'नाही', हे तिलाही ठाऊक आहे. फोन ठेवल्यावर घर होतं तसं झालं. दिवसभर मी परक्या माणसांच्या कानामागे काड्या बसवतो, नाकावर फ्रेम टेकवून बघतो, हनुवटी धरून चेहरा सरळ करतो. दुकान बंद केल्यापासून पुन्हा उघडेपर्यंत मला मात्र कोणाचा हात लागत नाही. सुट्टीच्या दिवशीही मी दुकान उघडतो, त्याचं खरं कारण हे आहे. लोकांना वाटतं, मी पैशाला हपापलेला आहे.

आमच्याकडे वाद मिटवायची एक पद्धत आहे. पूर्वी एका सहलीच्या रस्त्यावरून आम्ही इतके भांडलो की पावसाळाभर एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. तेव्हा वकीलीणबाईंनी नियम केला की कोणी स्वतःची बाजू मांडायची नाही. सगळ्यांनी किल्ल्या हेल्मेटमध्ये टाकायच्या आणि एकेक उचलायची. ज्याची किल्ली हाती येईल त्याची बाजू आपण मांडायची. ज्याच्याबद्दल चाललंय त्याने निकालापर्यंत तोंडातून ब्र काढायचा नाही. आपली उणीदुणी दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना माणूस आपोआप वरमतो, असा त्यांचा अनुभव.

रविवारी किल्ल्या उचलल्या. मला वकीलीणबाईंची आली, बाईंना डॉक्टरांची, डॉक्टरांना बेकरीवाल्याची. म्हणजे माझी बेकरीवाल्याकडे. हा माणूस स्वतःचा पाव विकताना अडखळतो; गिऱ्हाईकच भाव सांगतं आणि हा मान हलवतो.

बाईंनी डॉक्टरांची बाजू अशी मांडली की डॉक्टरांना स्वतःचाच हेवा वाटला असावा. डॉक्टरांनी बेकरीवाल्यासाठी टाकीवर भाषण दिलं. मी बाईंसाठी बोललो, आणि खोटं कशाला बोलू, पाट्या टाकल्या. बाईंनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मग बेकरीवाला उठला. हातातली माझी किल्ली तो उगाच पुसत राहिला.

"मला बोलता येत नाही," तो म्हणाला. "मी बघितलंय तेवढं सांगतो. निघताना मी दर वेळी याच्या मागे असतो. हा गाडीवर बसतो, चालू करतो, पण लगेच निघत नाही. दोन्ही पाय टेकवतो, हँडल घट्ट धरतो आणि थांबतो. मागे कोणी चढत असल्यासारखा. कोणी चढत नाही. मग निघतो. तीन वर्षं बघतोय मी. या नव्या गाडीला मागची सीटच नाही. याला थांबावं लागणार नाही. म्हणून ही याला द्या."

तो बसला.

मी थांबतो हे मला माहीत नव्हतं. देवाशपथ नव्हतं. ती चढताना माझा खांदा धरायची, पायाने फूटरेस्ट चाचपायची, नीट बसली की 'हं' म्हणायची, आणि मग मी क्लच सोडायचो. त्या 'हं'साठी मी अजून थांबतो, आणि ते बघायला मागे एक माणूस उभा असतो. मला त्याचा राग आला. मग राग गेला आणि डोळे भरून आले, आणि नियमाप्रमाणे मला बोलायची बंदी होती ते बरंच झालं. मी चष्मा काढून पुसत बसलो.

निकालाला वेळ लागला नाही. डॉक्टरांनी हात वर केला, बाईंनी केला, बेकरीवाल्याने तर आधीच केला होता. गाडी माझी झाली. आता मला बोलायची मुभा होती. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी नेहमीसारखं काहीतरी खवचट बोलेन आणि वातावरण हलकं होईल, अशी त्यांची अपेक्षा असावी.

मी विचारलं, "हिला मागची सीट वेगळी बसवून मिळेल का?"

तिघांचेही चेहरे एकदम बदलले. डॉक्टर पुढे सरकले. बाई चक्क हसल्या. कोर्टातल्यासारखं नाही, एखाद्या मावशीसारखं. बेकरीवाल्याने तर माझा हातच धरला. "कोणी आहे का रे?" त्याने हळूच विचारलं. "सांग ना. आम्हाला आनंदच होईल."

खरंच झाला असता. किती दिवस ही माणसं याची वाट बघत होती कोण जाणे. माझ्याशी टायरवरून भांडता भांडता मनात हेच धरून बसली होती, आणि मी समजत होतो की गाडी सोडली तर आमच्यात काही नाही. क्षणभर वाटलं, 'आहे' म्हणावं. एवढ्या चांगल्या माणसांना नाराज कशाला करायचं?

"नाही," मी म्हणालो. "कोणी नाही." तीन वर्षांत हे मी पहिल्यांदाच तोंडाने म्हटलं. बहिणीलाही कधी म्हटलं नव्हतं.

बेकरीवाल्याने हात सोडला नाही. त्याला कोडं पडलं होतं. "मग सीट कशाला?"

"थांबायला," मी म्हणालो.

कोणी हसलं नाही, कोणी समजूतही घातली नाही. बाईंनी पर्समधून फोन काढला, शोरूमवाल्याला लावला, आणि गाडी कोणाला हे सांगायच्या आधी सीटचं विचारलं.